इलेक्ट्रॉनच्या कोष्टकाखालची ओळ

काशीराम शेट्ये यांच्या रत्नागिरीतल्या छापखान्यात मशीन सुरू व्हायच्या आधी एकच प्रश्न विचारला जायचा, "आत्मारामानं बघितलंन काय?" बघितलंन म्हटलं की ट्रेडलवर पाय पडायचा. नाही म्हटलं, तर खुद्द शेटजींचा जावई दारात उभा असला तरी कागद हलत नसे. लग्नपत्रिका असो, उत्सवाचा कार्यक्रम असो नाहीतर एखाद्या सावकाराची जाहीर नोटीस असो, आत्माराम केरू शिवलकराच्या नजरेखालून गेल्याशिवाय तिला शाई लागत नव्हती. आत्मारामाला हे पक्कं ठाऊक होतं आणि ठाऊक असल्याचं तो लपवतही नव्हता. नम्रपणा त्याच्या वाट्याला मुळातच बेतानं आला होता, आणि आला तेवढाही तो फारसा वापरत नसे.

बाप मिऱ्याचा केरू तांडेल. मचवा घेऊन मुंबईपर्यंत जाणारा माणूस. त्याला अक्षर येत नव्हतं, पण अमक्या खाडीच्या तोंडाशी पाणी इतके वाव खोल आहे असं कोणी सांगितलं की तो तिथंच त्याची उलटतपासणी घ्यायचा. "कोणी मोजलंन? कधी मोजलंन? कशान मोजलंन?" तिन्हींची उत्तरं मिळाली तर आकडा घ्यायचा, नाहीतर हसून सोडून द्यायचा. उधाणाच्या भरतीला मोजलेलं पाणी भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमारच्या, ओहोटीला कामाचं नाही, आणि वाळू तर दरसाल जागा बदलते. हे त्यानं पोराला पुन्हा पुन्हा सांगितलं. पोरगा हुशार निघाला, पण तांडेलाच्या घरात जन्मून त्याला बोट लागायची. दोनदा मचव्यावर नेला, दोन्हीदा आतडी बाहेर यायची बाकी राहिली. मग केरूनं कपाळाला हात लावला आणि त्याला शाळेत घातला. इंग्रजी पाचवीपर्यंत शिकून आत्माराम शेट्यांच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागला, आणि पाच-सहा वर्षांत जुळाऱ्याचा तपासनीस झाला.

त्याचं नाव खरं गाजलं ते एकोणीसशे चोवीस साली. छापखान्यानं मांडवीच्या भरती-ओहोटीच्या वेळांचं छोटं पुस्तक काढायचं ठरवलं होतं. शेटजींची युक्ती सोपी होती. मुंबईच्या छापील वेळा घ्यायच्या, त्यात ठरावीक मिनिटांचा फरक करायचा आणि छापून मोकळं व्हायचं. आत्माराम दोन महिने रोज धक्क्यावर जाऊन बसला आणि तो ठरावीक फरक भांगाच्या दिवसांत जुळत नाही हे वहीत मांडून घेऊन आला. शेटजी चिडले, वही पाहून नरमले आणि वेळा नव्यानं जुळवल्या. दर्यावर जाणारी खारवी मंडळी आधी हसली, मग ज्यानं त्यानं एकेक प्रत कमरेला खोचली. तेव्हापासून गावात आत्मारामाच्या शब्दाला वजन आलं.

एक गोष्ट मात्र त्याला सलायची. हजारो लोकांची नावं त्यानं तपासली होती, वरांची, वधूंची, अध्यक्षांची, वर्गणीदारांची. त्याचं स्वतःचं नाव कुठंच छापलेलं नव्हतं. त्याच्या लग्नाची पत्रिकासुद्धा निघाली नव्हती, आमंत्रणं तोंडीच गेली होती. शिवलकरांच्या सगळ्या पिढ्यांत कोणाचं नाव कागदावर उमटलं असेल तर ते सरकारी दाखल्यावर, तेही कारकुनाच्या हातचं. भंडारी समाजातल्या पोराचं नाव पुस्तकात यावं असं त्याला फार वाटायचं, आणि ही इच्छा त्यानं बायकोखेरीज कोणालाही सांगितली नव्हती.

पस्तीस सालच्या दिवाळीनंतर भार्गवराव दामले मास्तर हस्तलिखित घेऊन छापखान्यात आले. मास्तर इंग्रजी शाळेतून पेन्शनीत निघालेले शास्त्राचे शिक्षक. अणू, इलेक्ट्रॉन, प्रोटॉन यांच्यावर मराठीत पुस्तक लिहायचं व्रतच त्यांनी घेतलं होतं. शेवटच्या पानावर एक कोष्टक होतं. इलेक्ट्रॉनवरचा विद्युत्भार किती, त्याचं वजन किती, हायड्रोजनच्या अणूचं वजन किती, असे चौदा आकडे. मास्तरांनी ते कुठून कुठून जमवले होते आणि त्यांचं त्यांनाच समाधान नव्हतं.

"आत्माराम, मराठी पुस्तकावर लोकांचा आधीच विश्वास नसतो," मास्तर म्हणाले. "एक आकडा चुकला तर कॉलेजातली पोरं सगळं पुस्तक फेकून देतील. हे कोष्टक तू तपास. तुला हवी तेवढी पुस्तकं मी आणून देतो. आणि कोष्टकाखाली तुझं नाव घालतो, 'तपासणारे : आत्माराम केरू शिवलकर'."

आत्मारामानं तोंडावर काही दाखवलं नाही. "बघतो," एवढंच म्हणाला. घरी जाऊन मात्र त्यानं मालनला तीन वेळा सांगितलं, आणि मालननं विहिरीवर जाऊन अख्ख्या वाडीला सांगितलं.

मास्तरांनी सात इंग्रजी पुस्तकं जमवली. दोन शाळेची, दोन त्यांची स्वतःची, तीन कोल्हापूरच्या एका प्राध्यापकांकडून मोटारीनं आलेली. आत्मारामानं सातही पुस्तकांत इलेक्ट्रॉनच्या विद्युत्भाराचा आकडा पाहिला. सगळीकडे ४·७७४, आणि पुढं दहाचा उणे दहावा घात. एका अंकाचासुद्धा फरक नाही. तो खूश झाला. प्रूफावर लाल शाईनं सही ठोकली आणि मास्तरांना म्हणाला, "सात साक्षीदार आहेत, मास्तर. निर्धास्त छापा."

इथं गडी चुकला. बापाचे तीन प्रश्न त्यानं कोणाही खारव्याला विचारले असते, पण लंडनला छापलेल्या जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकांना विचारले नाहीत. धंद्याची सवय नडली, दुसरं काय! प्रुफं तपासणारा माणूस मूळ प्रत एका हाताशी आणि छापील पान दुसऱ्या हाताशी ठेवतो. दोन्ही जुळली की त्याच्या लेखी बरोबर. मूळ प्रतच खोटी असेल तर काय, हे विचारायचा त्याला पगार नसतो.

पण सवयीनंच त्याला चुकीत पाडलं आणि सवयीनंच बाहेर काढलं. बाकीचे तेरा आकडे तपासताना तो हायड्रोजनच्या अणूच्या वजनापाशी आला. चार पुस्तकांत १·६६२ होतं आणि तीन पुस्तकांत १·६२६. आत्मारामाला हसू आलं. ही शास्त्रज्ञाची चूक नव्हती, ही जुळाऱ्याची चूक होती. दोन खिळ्यांची अदलाबदल झाली की असंच होतं, आयुष्यभर त्यानं हेच पकडलं होतं. मग त्यानं तिन्ही पुस्तकांची पहिली पानं उघडली आणि त्याचं हसू मावळलं. एक लंडनला छापलेलं, एक न्यूयॉर्कला, एक कलकत्त्याला. तीन गावांतल्या तीन जुळाऱ्यांचा हात नेमक्या त्याच जागी चुकेल कसा? याचा अर्थ एकच. कोणी मोजलेलं नव्हतं, कोणी तपासलेलं नव्हतं, तिघांनीही उतरवून घेतलं होतं. त्यानं उरलेल्या चार पुस्तकांच्या प्रस्तावना चाळल्या. चौघांनीही प्रामाणिकपणे लिहिलं होतं, आकडे अमक्या संग्रहातून घेतले. संग्रह एकच, आणि त्या तिघांचे बाकीचे आकडेही त्याच्याशी अंकानं अंक जुळत होते.

साताचा एक साक्षीदार झाला, आणि त्या एकाचीही उलटतपासणी झालेली नव्हती. आत्मारामाला स्वतःची मनापासून शरम वाटली. प्रूफावरची लाल सही त्याच्याकडे बघत होती.

त्यानं शेटजींना सांगून शेवटचा फर्मा, म्हणजे एका तावावर छापायची शेवटची पानं, थांबवला आणि जबाबी कार्डं आणली. पुणे, मुंबई, कलकत्ता, बंगलोर, जिथं जिथं पदार्थविज्ञानाचं संशोधन चालतं असं मास्तरांना ठाऊक होतं तिथं अकरा कार्डं टाकली. मास्तरांनी इंग्रजी नीट करून दिलं, प्रश्न आत्मारामाचे. हा आकडा कोणी मोजला, कोणत्या साली, कोणत्या रीतीनं, आणि त्यानंतर दुसऱ्या कोणी दुसऱ्या रीतीनं मोजला आहे काय? सहा कार्डांना उत्तर आलं नाही. चौघांनी कळवलं की आकडा कोणत्याही चांगल्या पुस्तकात मिळेल. त्या उत्तरांवर आत्माराम जे बोलला ते इथं छापण्यासारखं नाही.

अकराव्या कार्डाचं उत्तर मात्र कार्डावर मावलंच नव्हतं. बंगलोरच्या एका संशोधनसंस्थेच्या ग्रंथालयात रावजी साळवी म्हणून एक गृहस्थ होते, खेडकडचे. रत्नागिरीचा शिक्का पाहून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी चार पानी पत्र लिहिलं, तेही मराठीत. निम्मं पत्र जगबुडी नदीच्या काठच्या आंब्यांबद्दल होतं. उरलेल्या निम्म्यात त्यांनी परदेशी नियतकालिकांतून हातानं उतरवून काढलेली माहिती होती, सालवार.

ती अशी. ४·७७४ हा आकडा १९१७ सालचा. तेलाचा बारीकसा थेंब हवेत अधांतरी धरून, तो किती वेगानं खाली येतो हे पाहून काढलेला. काम अतिशय नेटकं. मोजणाऱ्यानं स्वतःच लिहिलं आहे की आकडा फार तर ·००५ इतकाच इकडे-तिकडे असेल. पण गेल्या पाच-सात वर्षांत काही जणांनी क्ष-किरणांच्या साह्यानं, अगदी निराळ्या वाटेनं, तोच विद्युत्भार काढला आहे आणि तो ४·८० च्या आसपास येतो. दोन आकड्यांतला फरक कबूल केलेल्या चुकीच्या पाचपट. आता काहीजणांना संशय आहे की थेंबाच्या प्रयोगात हवेचा जो चिकटपणा धरला होता तोच कमी धरला गेला. हवेचा चिकटपणा नव्यानं मोजणं चालू आहे. वाद मिटलेला नाही.

आत्मारामानं पत्र दोनदा वाचलं आणि तसाच उठून दामले मास्तरांकडे गेला. एप्रिलचा दुसरा आठवडा होता. मेअखेर पावसाळ्यासाठी बोटी बंद होणार, त्याआधी पुस्तकं मुंबईला पोचायलाच हवी होती.

मास्तरांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि वैतागून म्हणाले, "म्हणजे आता मी दोन आकडे देऊ? अरे, मुलीच्या पत्रिकेत कोणी दोन नवरे छापतं का?"

"एक ठरला नसेल तर एकही छापू नये, मास्तर."

"सगळं जग तो आकडा वापरतंय!"

"जग वापरतंय ते एकाच दोरीवर," आत्माराम म्हणाला. "सांगू काय, बाबांचा मचवा एकदा भाट्याच्या तोंडाशी वाळूत बसला. बाबांनी पाच तांडेलांना विचारलानी होतं. पाचही जणांनी स्वतः मोजलेलं, त्याच आठवड्यात मोजलेलं, पाचही म्हणाले अडीच वाव. मागाहून कळलं, पाची जणांनी दोरी आणलानी ती एकाच घरची. सुताची दोरी, गाठी कोरडी असताना मारलेल्या. भिजली की आखडायची, नि पाणी दिसायचं जास्त. पाच तांडेल खोटं बोलले नाहीत, मास्तर. दोरीच एक होती. इथं ती हवेच्या चिकटपणाची दोरी आहे."

मास्तरांनी चष्मा पुन्हा चढवला. मग शिक्षकाचा शेवटचा प्रश्न त्यांनी विचारलाच. "विद्यार्थ्यानं परीक्षेत काय लिहायचं?"

"लिहावा पहिला. ठाऊक असावा दुसरा."

मास्तर हसले. माणूस हट्टी होता, पण खोटा नव्हता. "चल छापखान्यात," म्हणाले.

छापखान्यात काशीरामशेटनी फर्मा दाखवला आणि अडचण सांगितली. प्रस्तावना आणि आधीची सगळी पानं छापून झालेली. हे शेवटचं पान, आणि ते काठोकाठ भरलेलं. चौदा आकडे, त्यांची नावं, वर शीर्षक. एक पान वाढवायचं तर अख्खा फर्मा वाढतो आणि तेवढा कागद बोटी बंद व्हायच्या आत मुंबईहून येत नाही. याहून बारीक टाईप छापखान्यात नाही. आकडा तर एकही गाळता येत नव्हता.

"एकच ओळ अशी आहे की तिच्यावाचून कोष्टक अडत नाही," शेटजी म्हणाले आणि बोलता बोलता थांबले. पानाच्या तळाशी, वर-खाली थोडी कोरी जागा सोडून, त्यांनी स्वतः सांगून ठळक टाईपात बसवून घेतलेली ओळ होती. तपासणारे : आत्माराम केरू शिवलकर.

शेटजींनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग तेच म्हणाले, "ऱ्हाऊ दे रे तो दुसरा आकडा. रत्नागिरीत कोण जाणार आहे इलेक्ट्रॉन मोजायला? तुझं नाव ऱ्हाऊ दे."

मास्तर म्हणाले, "मी शब्द दिलाय, मी नाव काढणार नाही. ठेवायचं असेल तर एकच आकडा जाईल आणि मी तुला कधी बोल लावणार नाही. तू सांगशील तसं."

खरं सांगायचं तर आत्मारामाला रडू यायचं बाकी होतं. वीस वर्षं वाट पाहिलेली ती ओळ. वाडीतल्या बायका मालनला विचारत होत्या, पुस्तक कधी येतंय म्हणून. आणि कोणाला कळलंही नसतं. सात पुस्तकं त्याच्या बाजूनं होती, लंडन होतं, न्यूयॉर्क होतं. फक्त एकदा सही करून बसलेला माणूस म्हणून त्याला स्वतःला कळलं असतं. दुसऱ्याच क्षणी त्याला स्वतःचाच राग आला, की यात विचार करण्यासारखं होतंच काय! ज्या आकड्याची खात्री नाही त्याच्याखाली 'तपासणारे' असं आपलं नाव छापून घ्यायचं, ते कशासाठी? लोकांनी वाचून फसावं म्हणून?

त्यानं चिमटा हातात घेतला, फर्म्याची दोरी सैल केली आणि स्वतःचं नाव एकेक खिळा करून उचललं. र, क, ल, व, शि, शेवटाकडून. प्रत्येक खिळा ज्याच्या त्याच्या घरात टाकला, कारण टाईपाच्या केसमध्ये खिळे भलत्या घरात टाकणं त्याला रागाच्या भरातही जमण्यासारखं नव्हतं. मोकळ्या झालेल्या जागेत सगळ्यात बारीक टाईपाच्या दोन ओळी बसल्या.

'* हवेतील तेलाच्या थेंबावरून, इ.स. १९१७. क्ष-किरणांवरून अलीकडे ४·८० च्या सुमारास येतो. वाद मिटलेला नाही. तारांकित सर्व आकडे या आकड्यावर अवलंबून आहेत.'

इलेक्ट्रॉनच्या विद्युत्भारापुढं, त्याच्या वजनापुढं आणि आणखी चार आकड्यांपुढं त्यानं तारे बसवले. नवं प्रूफ काढलं, तपासलं आणि पुन्हा लाल शाईनं सही केली. मशीनवरच्या माणसानं सवयीप्रमाणे विचारलं, "आत्मारामानं बघितलंन काय?" आणि शेटजींनी नाकातून आवाज काढून "बघितलंन!" म्हटलं.

मालन मात्र संतापली. "नाव तुमचं काढलंत नि त्या धुळीच्या कणाचं ठेवलंत?" म्हणाली. "वाडीत मी तोंड कसं दाखवू आता?" त्या दिवशी कालवण खारट होतं आणि त्यानं मुकाट खाल्लं.

पुस्तक गेलं. एकदोन परीक्षणं आली. एकानं लिहिलं की लेखकाला साधा इलेक्ट्रॉनचा आकडासुद्धा ठामपणे सांगता येत नाही. मास्तरांनी ते कात्रण आत्मारामाला दाखवलं नाही, पण आत्मारामाला छापलेलं काही दिसणार नाही असं कधी होत नसे. त्यानं ते वाचलं, "येडा हाय," असा अभिप्राय दिला आणि पुढचं प्रूफ ओढलं. बंगलोरला रावजींना तो दर तिमाहीला एक कार्ड टाकायचा आणि रावजी नवीन मोजण्या उतरवून पाठवायचे. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही.

अडतीस सालच्या मार्चमध्ये मास्तर दुसऱ्या आवृत्तीची प्रत घेऊन आले. पायऱ्या चढतानाच ओरडत होते. हवेचा चिकटपणा नव्यानं मोजला गेला होता, जुना आकडा कमीच निघाला होता, आणि नवा घालून हिशेब केला की तेलाचा थेंबही ४·८० कडेच येत होता. दोन वाटांनी गेलेली माणसं एकाच दारात पोचली होती. रावजींचं पत्र आत्मारामाकडे आठच दिवसांपूर्वी आलं होतं, त्यामुळे तो शांत होता, निदान तसं दाखवत होता.

"आता आकडा एक," मास्तर म्हणाले. "तुझ्या त्या दोन ओळी निघाल्या, जागा झाली. तुझं नाव घालतोय, आणि या वेळी तू बोलायचं नाहीस. उलट मी म्हणतो, 'तपासणारे' हा शब्द थिटा पडतो. 'कोष्टककार' घालूया."

शेटजींना वाटलं, हा आता नको म्हणणार. आत्मारामानं मान जोरात हलवली. "घाला की! मी काय संत लागून गेलोय? दोन वर्षं बायकोचं ऐकतोय मी. पण 'तपासणारे' हेच ऱ्हाऊ दे, मोजलं मी काहीच नाय. नि पुढं महिना नि साल घाला. मार्च १९३८."

"नावाला तारीख कशाला?"

"उद्या कोणी याहून चांगलं मोजलंन तर? वाचणाराला कळायला नको, आत्मारामानं बघितलंन ते इथवरच?"

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं त्यांनी पोरांना शास्त्र शिकवलं होतं. त्यांनी लेखणी उचलली, कोष्टकाखाली नाव लिहिलं, नावापुढं महिना आणि साल लिहिलं. मग पानं उलटून ते प्रस्तावनेशी आले आणि स्वतःच्या नावाखाली त्यांनी तोच महिना आणि तेच साल घातलं. आत्मारामाचे डोळे भरून आले आणि त्यानं ते लपवले नाहीत.

संध्याकाळी त्या पानाचं प्रूफ, शाई नीट वाळायच्याही आधी, घरी आलं. मालननं हात पुसले आणि ओळीवर बोट ठेवून त्याच्याकडून ती वाचून घेतली, नाव, महिना, साल, सगळं. मग म्हणाली, "आता परत वाचा, सावकाश."